आतलं हिरवं

धाकटीच्या हाताला गुण आहे, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणायचे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा तिच्याकडे आला की त्यातल्या पेशी सहसा दगावत नसत. तुकडा बारीक चिरायचा, पेशी सुट्या करायच्या, थंडगार जेलच्या थेंबात मिसळायच्या आणि उबेच्या कपाटात ठेवायच्या. मग त्या चहूबाजूंनी वाढून मोहरीहून लहान गोळे होतात. अंगात वाढते तशीच गाठ, फक्त प्लेटमध्ये. या वेळचा तुकडा तिच्या सख्ख्या भावाचा होता आणि तोही जोमानं वाढत होता. अभिमान वाटावा की रडावं, तिला कळेना.

"माझा आजार तुझ्याकडे बाळसं धरतोय म्हणे," दादा चिडवायचा. "मला मेल्याला मात्र काही अंगी लागत नाही."

दादा सुतार. शस्त्रक्रियेनंतर आजार उलटला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, एक कडक औषध आहे, घ्यायचं तर घ्या, पण फार आशा धरू नका. दादानं नको म्हटलं. त्याला आपल्या कारखान्यात, लाकडाच्या वासात बसायचं होतं. तो हिंडत होता, जेवत होता, सकाळी थोडा वेळ रंधाही मारत होता. वहिनीनं मन घट्ट करून मान डोलावली.

धाकटीला ते जमलं नाही. तेच औषध दादाच्या पेशींवर घालून पाहायचं तिनं ठरवलं. काही पेशींचे जेलमध्ये गोळे केले, काही प्लेटच्या तळाला सपाट पसरल्या. सपाट पेशी लवकर तयार होतात. त्यांच्यावर औषध घातलं, मग रंग घातला. जिवंत पेशी हिरवी दिसते, मेलेली लाल. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं लालच लाल होतं.

"गोळ्यांचं कळेपर्यंत घरी बोलू नकोस," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. "सपाट पेशी कशानंही मरतात."

हे काय तिला ठाऊक नव्हतं? नव्यानं येणाऱ्यांना तीच तर हे शिकवायची. पण सख्ख्या भावाचं आलं की शहाणपण गहाण पडतं. सुतावरून स्वर्ग गाठला धाकटीनं. जिन्यात जाऊन फोन लावला आणि हसत हसत सांगितलं, "दादा, औषध सापडलं."

त्याच आठवड्यात दादा ते औषध घ्यायला दवाखान्यात दाखल झाला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. औषधानं त्याचं तोंड सोलवटलं, पाण्याचा घोटही जाईना, पायातलं बळ गेलं. "औषध लागू पडतंय, म्हणून त्रास," असं धाकटी वहिनीला सांगत राहिली.

मग गोळ्यांचा निकाल आला. वरची साल लाल झाली होती. आत मात्र हिरवंगार. औषध आत पोचलंच नव्हतं. तिनं दुसरा गोळा पाहिला, तिसरा पाहिला, आणि अंगातला कोट काढून ती सरळ दवाखान्यात गेली.

"दादा, या औषधानं नुसत्या वरच्या पेशी मरतात. आतल्या तशाच राहतात," ती म्हणाली. "मी घाई केली. चुकलं माझं."

वहिनी चादरीची घडी घालत होती, ती थांबली. धाकटीकडे तिनं पाहिलं नाही.

"म्हणजे आता बंद?" दादानं विचारलं.

"बंद."

"बरं झालं. मला नकोच होतं गं ते."

"मग घेतलंस कशाला?"

"फोनवर तू हसत होतीस," दादा म्हणाला. तोंड सोलल्यामुळे त्याला एकेक शब्द जड जात होता. "आई गेल्यापासून तुला असं हसताना ऐकलं नव्हतं. नाही कसं म्हणणार?"

धाकटीनं त्याच्या ओठांना ओला कापूस लावला.

"आता घरी न्या मला. कारखान्यात बसवा थोडा वेळ."

"हो," ती म्हणाली. तिनं एका बाजूनं हात घातला, वहिनीनं दुसऱ्या. खांदे उचलले गेले, पण त्याला मान धरवेना. दोघींनी त्याला हळूच पुन्हा उशीवर टेकवलं.

"उद्या जाऊ," दादा धाकटीची समजूत घालत म्हणाला.