क्लेमेंटीनबायचे डॉलर

माझी नणंद क्लेमेंटीन बावीस वर्षं दोहाच्या इस्पितळात नर्स होती. १९८४च्या मार्चमध्ये ती कायमची आमच्या गावी, सांडोरला, परत आली, तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, पेन्शन नव्हती. होत्या त्या फोर्टातल्या एका बँकेच्या दोन पावत्या. एकेक बारा हजार डॉलरची, पाच वर्षांच्या मुदतीची. परदेशात नोकरी करणाऱ्यांना तेव्हा पैसे असे डॉलरमध्येच ठेवता येत.

ती आमच्याकडे मागच्या खोलीत राहू लागली. आठच दिवसांत माझ्या नवऱ्यानं, फर्डिनंडनं, विषय काढला.

"बाय, तू आता इथली झालीस. तांदूळ रुपयांत, मासळी रुपयांत, डॉक्टर रुपयांत. डॉलर घेऊन काय बाजारात जाणार? मोडून टाक दोन्ही पावत्या. माझा दोस्त पॉल आणि मी वालीवला गाळा घेतोय, प्लास्टिकच्या बादल्या काढायच्या. तुझा हिस्सा राहील."

खरं सांगते, मला त्याचं पटलं होतं. घरातला पैसा घरात, असंच मला वाटत होतं. क्लेमेंटीनबाय फक्त म्हणाली, "आधी बँकेत विचारू."

आम्ही तिघं गेलो. रामनाथ नावाचे अधिकारी होते, शांतपणे समजावणारे. "तुम्ही परत आलात तरी मुदत संपेपर्यंत पावत्या डॉलरमध्ये ठेवता येतील," ते म्हणाले. "मोडल्या तर व्याज कमी मिळेल. मात्र डॉलर वर जाईल असं मी लिहून देणार नाही. खालीही येऊ शकतो."

"बघ!" फर्डिनंड म्हणाला.

क्लेमेंटीनबायनं दोन्ही पावत्या टेबलावर ठेवल्या. मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. १९६६च्या मे महिन्यात तिनं चार वर्षांची सगळी कमाई घरी पाठवली होती. जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत एका रात्रीत उतरवली. तिच्याच वॉर्डातल्या हेलननं पैसे जुलैत पाठवले. पगार तोच, काम तेच, पण हेलनच्या घरी दीडपट रुपये पोचले. "मी आठ दिवस नीट जेवले नाही," ती म्हणाली. "पैसा चोरानं नेला नाही, कुणी बुडवला नाही. नुसता लहान झाला."

"मग दोन्ही ठेवणार?" मी विचारलं.

"नाही, मार्गारेट. फर्डिनंडचंही खरं आहे, खर्च रुपयांतलाच. साहेब, एक पावती मोडा. येत्या पाच वर्षांत जे खाईन ते रुपयांत. त्याच्यापुढे जे खाईन ते डॉलरमध्ये राहू दे."

"आणि माझा गाळा?"

"तुझा गाळा तू कर्ज काढून घे, भाऊ. तुझे हातपाय धड आहेत. माझं म्हातारपण मी बादल्यांत घालणार नाही."

पुढे कितीतरी महिने जेवताना फर्डिनंड तिला मीठसुद्धा मागत नसे, मला सांगे. तिनं मनावर घेतलं नाही. सकाळी वाडीवाडीतून इंजेक्शनं द्यायला जायची, बाळंतिणींना बघायची, आणि मिळालेले पैसे घरखर्चाला जोडायची.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास फर्डिनंड वर्तमानपत्र नाचवत आला. "घे! जगभर डॉलर कोसळला! मी सांगत होतो!"

बायचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी मला घेऊन ती बँकेत गेली. "खाली आलाय तो जर्मनीच्या, जपानच्या पैशासमोर," रामनाथ म्हणाले. "इथे आज साधारण बारा रुपये आहे."

"मी आले तेव्हा अकराच्या आत होता," बाय म्हणाली. तिच्या तोंडावर हळूहळू रंग आला. "मला जर्मनीत थोडंच घर बांधायचंय!"

खरी कसोटी १९८७ला लागली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आणि रुपयांची गंगाजळी तळाला गेली. "आता मोड ती पावती," मीच म्हटलं. ती टाक्यांवर हात धरून हसली. "दोन वर्षं राहिलीत. मी बरी होते की नाही बघ." दीड महिन्यात ती पुन्हा इंजेक्शनांची पेटी घेऊन बाहेर पडली.

१९८९च्या सुरुवातीला पावतीची मुदत संपली. डॉलर पंधरा रुपयांवर गेला होता, वर पाच वर्षांचं डॉलरमधलं व्याज. रामनाथसाहेबांनी कागदावर आकडा लिहून तो तिच्याकडे फिरवला. तीन लाखांच्या वर! पहिली पावती मोडली तेव्हा हातात आले होते त्याच्या दुपटीहून जास्त. बाय उभी राहिली, बसली, परत उभी राहिली. मग मोठ्यानं "देवा!" म्हणाली, आणि काउंटरवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं.

त्या पैशातून तिनं सांडोरलाच विहिरीसकट एक केळीची बाग घेतली, स्वतःच्या नावावर, आणि बागेत तीन खोल्यांचं घर बांधलं. उरलेले रुपये व्याजावर ठेवले. महिन्याचा खर्च त्यातून निघे. फर्डिनंडचा गाळाही बरा चालला होता, कर्ज फिटत आलं होतं. म्हणूनच की काय, घराच्या आशीर्वादाला तो सकाळी सर्वांआधी हजर, मंडप स्वतः बांधलेला.

फादरांनी खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं. जेवायच्या आधी फर्डिनंड सगळ्यांसमोर उभा राहिला. त्याला भाषण येत नाही. "बाय," तो म्हणाला, "बँकेत त्या दिवशी तू माझं ऐकलं नाहीस, ते बरं केलंस." बायनं जाऊन त्याच्या गळ्यात हात टाकला.

बँडवाल्यांनी सूर धरला. त्रेसष्ट वर्षांची क्लेमेंटीनबाय लुगड्याचा पदर खोचून स्वतःच्या अंगणात नाचायला उतरली, आणि थांब म्हटलं तरी कोणाचं ऐकेना.