दोन किल्ल्यांचा कप्पा

मित्रांनो, मी एक जुना कप्पा आहे. कपाट नव्हे. कपाट मोठं, शिसवी, सहा फूट उंच, आणि त्याला त्याचा तोरा आहे. मी त्याच्या पोटातला, वीतभर दाराचा, विषाचा कप्पा. माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. मी स्वतः कुणावर ठेवत नाही, तर तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू?

मला घडवलंच मुळी संशयातून. गावच्या दवाखान्यात सोमलासारखी जालीम औषधं असायची. ती एकाच माणसाच्या हाती नकोत, असं डॉक्टरांचं म्हणणं. म्हणून सुतारानं माझ्या दाराला दोन कुलपं बसवली. दोन भोकं, दोन किल्ल्या. डावी किल्ली कंपाउंडरच्या कमरेला, उजवी डॉक्टरांच्या खिशात. दोघं हजर असले तरच मी उघडायचो. एकट्यानं कितीही आदळआपट केली तरी मी ढिम्म.

कंपाउंडर अबोल माणूस होता. थेंब मोजताना त्याचे ओठ हलायचे, आणि मधेच कुणी हाक मारली तर तो सगळे थेंब ओतून देऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. त्याची आठ वर्षांची मुलगी स्टुलावर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. जाताना तो माझं दार एकदा ओढून बघायचा आणि म्हणायचा, “शाब्बास.” एवढं कौतुक मला पुरायचं.

मग एका उन्हाळ्यात पोटाच्या विकाराची साथ आली. पहिल्याच दिवशी डॉक्टर बाडबिस्तरा गुंडाळून पसार झाले. त्यांची किल्लीही त्यांच्याबरोबर गेली. कंपाउंडर एकटा तीन आठवडे उभा होता. त्यानं पुष्कळांना वाचवलं, पण अकरा जण गेले. कुणीतरी म्हणालं, “औषधातच काहीतरी असणार.” एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान डोलावली, तिसऱ्यानं तर डोळ्यांनी पाहिल्याचंच सांगितलं. लोकांनी त्याला दवाखान्याच्या पायरीवर बदडलं. त्याच दुपारी तो बायको-मुलीला घेऊन गाव सोडून गेला. रागावलेल्या माणसाला किल्लीची भोकं मोजायला सवड नसते.

त्यानंतर किती वर्षं गेली, मला ठाऊक नाही. धूळ बसली, वाळवी आली, माझी चव न आवडल्यानं परत गेली.

एक दिवस दार उघडलं आणि एक साहेब आत आले. त्यांनी इमारत घेतली होती. गावाच्या इतिहासावर भीतीचा खेळ काढायचा त्यांचा बेत होता. बाहेर पाटी लागली, ‘अकरा घोट’. त्यांच्या मिस्त्रीला मी काही उघडेना. शेवटी त्यानं बिजागऱ्या काढल्या, उजव्या कुलपाचा खटका उपसला, भोकात लांबीचा लगदा भरला, वरून रंग फासला आणि डाव्या कुलपाला नवी किल्ली घडवली.

“दोन भोकं होती साहेब,” तो म्हणाला.

“एकच पुरे. भूत बिचारं दोन किल्ल्या कुठून आणणार?” साहेब हसले. मला त्या हसण्याचा तेव्हाच वास आला होता.

खेळ असा. खिडक्यांना काळा रंग, त्यामुळे भर दुपारीही आत मिट्ट अंधार. दहा-दहा माणसं आत घ्यायची. वरून घोगरा आवाज यायचा, ‘साथीच्या पहिल्याच दिवशी डॉक्टर पळाले. उरला एकटा कंपाउंडर, आणि त्याचा विषाचा कप्पा!’ मग पांढरा कोट घातलेला कंपाउंडर अरुंद जिन्यानं खाली यायचा, नव्या किल्लीनं मला उघडायचा आणि हिरवी बाटली काढायचा. त्या वेळी कुरकुर ऐकू यायची ती माझी नव्हे, भोंग्याची. माझ्या बिजागऱ्या कधीच कुरकुरल्या नाहीत, हे नमूद करून ठेवतो. लोक किंचाळायचे. काही जण किंचाळताना खुशाल हसायचे, त्यांच्यावर माझी विशेष नजर असे. 

कंपाउंडर होणारा नट पन्नाशीचा, कंबरदुखीनं बेजार. सगळे त्याला भुतोबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण दिवसातून सहा वेळा तेच तेच ऐकून माझ्या मनात विष कालवलं गेलं. दार तर एका किल्लीनं उघडतंय. मग तेव्हाही उघडलं असेल का? मला झोप लागली असताना? ज्याच्या हातानं मी रोज पुसला गेलो त्याच्यावर मी संशय घेतला, मित्रांनो. याची मला अजून लाज वाटते.

अशातच ती बाई आली. करडे केस, खांद्याला पिशवी. एका आठवड्यात तिसऱ्यांदा! ती किंचाळत नसे. भुताकडे बघतही नसे. बघायची माझ्याकडे. चोरच ही, मी मनाशी पक्कं केलं. तिसऱ्या खेपेला बाकीचे पुढच्या खोलीत गेले आणि ती मागे रेंगाळली. तिचा अंगठा माझ्या दारावरून फिरला आणि उजव्या बाजूला थांबला. तिनं केसातली पिन काढली आणि लांबी कोरायला लागली. मग पिशवीतून एक किल्ली काढून डाव्या भोकात घातली. ती किल्ली मी लगेच ओळखली.

“अहो ताई, सामानाला हात नाही लावायचा!” भुतोबा कंबर धरत धावला.

“हे कपाट माझे आजोबा सांभाळायचे,” ती म्हणाली. “ज्यांचं तुम्ही भूत करता, ते.”

 भुतोबानं आधी डोक्यावरचा केसांचा टोप काढला.

“माझी आई एक्याऐंशीची आहे. आजोबा मरेपर्यंत एकच सांगायचे, माझ्याकडे एकच किल्ली होती. कुणाला त्याचा अर्थच लागला नाही. आईनं गाव सोडल्यापासून त्यांच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही हो. आता रोज विचारते, बाबांनी खरंच केलं का गं?”

भुतोबानं कोरलेल्या भोकात करंगळी घालून पाहिली. “दुसरी किल्ली कुणाकडे असायची?”

“डॉक्टरांकडेच असणार, दुसरं कोण?”

“आणि डॉक्टर तर पहिल्याच दिवशी...” तो मटकन स्टुलावर बसला. “अरे देवा. हे मी दिवसातून सहा वेळा ऐकतो की!”

साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, “ताई, लोक इथे किंचाळायला येतात, न्यायनिवाडा करायला नाही.”

“मग उद्यापासून भूत तुम्हीच व्हा,” भुतोबानं कोट काढून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी कोटाकडे पाहिलं, अरुंद जिन्याकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, आणि मिस्त्रीला निरोप धाडला. माझा खटका त्याच्या खिळ्यांच्या डब्यात पडून होता. त्यानं तो जागेवर बसवला.

सुट्टीच्या दिवशी सगळे दिवे लावून आजीबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं. बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवणारी तीच ती मुलगी. त्यांनी वडिलांची किल्ली फिरवली. डावा खटका सरकला. त्यांनी दार ओढलं. मी उजव्या खटक्याला जिवाच्या आकांतानं धरून राहिलो. त्यांनी पुन्हा ओढलं, दोन्ही हातांनी.

“उघडत नाही गं,” त्या म्हणाल्या. मग हसू लागल्या. “उघडतच नाही!” आणि हसता हसता लहान मुलीसारख्या रडल्या.

जरा वेळानं त्यांनी पाणी मागितलं. लेक पिशवीतली बाटली काढू लागली, तर म्हणाल्या, “तसं नको. बाबांच्या टेबलावर ठेव, तिथून दे.” तिथून दिलेला पेला त्यांनी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

आता खेळात भुतोबा किल्ली फिरवतो, दार उघडत नाही, आणि तो लोकांकडे वळून विचारतो, “दुसरी किल्ली कुणाकडे होती?” कुणी किंचाळत नाही. सगळे एकमेकांकडे बघतात. पूर्वीपेक्षा गर्दी वाढली आहे, म्हणून साहेब खूश आहेत, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर अजून भरवसा नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूचं भोक बुजवण्याआधी ते कशासाठी होतं, एवढं कुणाला तरी विचारत जा. आणि माणसावर संशय घ्यायचाच, तर अर्धवट घेऊ नका. भोकं मोजेपर्यंत घ्या. मी तेवढा घेतला नाही. ज्यानं मला रोज शाब्बास म्हटलं, त्याला मी एकदाही तसं म्हणू शकलो नाही.