उरेल ते आमचं

पनवेलच्या आमच्या दवाखान्याला एक बैलगाडी हवी होती. डोंगराकडच्या वाडीतली बाई अडली की बांबूला चादरीची झोळी बांधून तिला आणावं लागे, आणि वाटेत झोळीतली बाईच खांदेकऱ्यांना धीर देत असे.

आमच्यासाठी देणग्या गोळा करायला मुंबईत तीन मठांच्या तीन कचेऱ्या होत्या. तिन्हींतल्या सिस्टर एकाच सकाळी एकाच शेठच्या दारी पोचत, आणि जिन्यात एकमेकींना वाट देईपर्यंत शेठ मागच्या दाराने पेढीवर निघून जाई. शेवटी बिशपांच्या कचेरीतून फादर सिल्वेस्टरनी निरोप धाडला. तिघींनी मिळून एक तरी काम करून दाखवा. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी मी पनवेलला येतो. गाडी उभी दिसली तर तिन्ही कचेऱ्या एक करू आणि दवाखाना चालवू. नाही दिसली तर पावसाआधी दवाखान्याला कुलूप.

लगेच आमच्या ओसरीवर बैठक भरली. निळ्या झग्यातल्या मदर युफ्रेझिया, तपकिरी झग्यातल्या सिस्टर कॉर्नेलिया आणि पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर एस्पेरान्स. दवाखाना सांभाळणारी सिस्टर मी, म्हणून चहा मी ठेवला. आधी कप कुणी उचलायचा यात तो निवून गेला. वाटून घ्यायच्या गोष्टी तीन होत्या: गाडी, बैलजोडी आणि वर्षाचा चारा. बैल सगळ्यांत महाग, हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

"तुम्ही आधी निवडा, सिस्टर," मदर म्हणाल्या.

"छे, मदर, तुम्ही वडील," सिस्टर कॉर्नेलिया म्हणाल्या. "उरेल ते आमचं."

"आम्ही तर सगळ्यांत धाकट्या," सिस्टर एस्पेरान्स म्हणाल्या. "उरेल ते आमचं."

"मग आमचंही तेच," मदर म्हणाल्या.

तेवढ्यात बाराची घंटा झाली. सगळ्या प्रार्थनेला उठल्या, प्रार्थना झाल्यावर एकमेकींचे हात हाती घेतले आणि आपापल्या वाटेने गेल्या. बोलणं इतकं गोड झालं होतं की ठरलं काहीच नाही, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. त्यातून ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा काळ सुरू झालेला. त्या दिवसांत प्रत्येक मठ एक गुप्त त्याग करतो, आणि ईस्टरपर्यंत त्याचा शब्दही ओठांवर आणत नाही.

मी रोज पहाटे देवासमोर एक लहानसा नेम घेते. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी नेम घेतला की आज कुणाला हसायचं नाही.

सकाळी पहिल्यांदा सिस्टर एस्पेरान्स आल्या. मागे शिंगं पांढरी रंगवलेली बैलजोडी. "दुसऱ्यांना भार नको, म्हणून सगळ्यांत जड ते आम्हीच घेतलं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. मी देवाचे आभार मानते आहे तोच फाटकातून तपकिरी शिंगं आत आली, आणि त्यांच्यामागे लाजत सिस्टर कॉर्नेलिया. मदरची वाट पाहणं एवढंच आमच्या हाती राहिलं. त्या आल्या तेव्हा आधी शिंगंच दिसली. निळी.

सहा बैल अंगणात उभे. गाडी नाही, चाऱ्याची काडी नाही. निळ्यांपैकी एकाने माझा वाळत घातलेला अडुळसा खायला घेतला.

शेजारचे दाजी कुंपणावर हात टेकून बघत होते. मिठागरावर मीठ ओढायची त्यांची गाडी बैल मेल्यापासून अंगणात पडून होती. "सिस्टर," ते म्हणाले, "शेती करताव का काय?"

"नाही हो दाजी. तिघींनी मिळून गाडी आणायची होती."

"तिघींनी मिलून ना? येकीनंच आनली असती तर आली असती."

मी ओठ दातांखाली धरले. तेवढ्यात वाडीचा जैतू धापा टाकत आला. त्याची बायको शुक्री अडली होती. "झोलीला मानसा नाय, बाय," तो म्हणाला. "समदी इटांच्या भट्टीवर गेली हाईत."

दाजींनी न विचारता आपली गाडी ओढून आणली. "कंची जोडी जुपू?"

"त्यांची जुंपा," मदर म्हणाल्या.

"नको, त्यांची," सिस्टर कॉर्नेलिया म्हणाल्या.

"आमची राहू दे, मदरचा मान आधी," सिस्टर एस्पेरान्स म्हणाल्या.

"माय," दाजी म्हणाले, "तिकडं पोर तुमच्या मानासाटी थांबाचा नाय."

"निळी जुंपा," मी म्हणाले. माझा एवढा मोठा आवाज मीसुद्धा कधी ऐकला नव्हता. अडुळसा खाणाऱ्या बैलाने तोंड थांबवलं, आणि तिघी सिस्टर मुकाट्याने गाडीत चढून बसल्या.

वाटेत एसटीतून उतरून चालत येणारे फादर सिल्वेस्टर भेटले. दाजींनी त्यांना हात देऊन वर घेतलं. त्यांचा पांढरा झगा मिठाच्या जुन्या पोत्यावर टेकला.

"वा, गाडी आहे तर," फादर म्हणाले. "कुणी आणली?"

"यांनी," तिघी एकदम म्हणाल्या. प्रत्येकीचं बोट दुसरीकडे.

"माजी हाय," दाजी म्हणाले. "यांचं बैल. सा हाईत. अजून लागतील तर सांगा."

फादरनी तिघींकडे पाहिलं, मग बैलांच्या शिंगांकडे. मग मदरच आधी हसल्या, पदर नसल्याने तोंडावर जपमाळ धरून. सिस्टर कॉर्नेलिया वाकून हसल्या, सिस्टर एस्पेरान्सना उचकी लागली आणि माझा नेम वाडीच्या चढणीवर मोडला. जैतू दोन्ही हातांनी बैलांना हाकत होता. "आदी शुक्री, मंग हसा," तो म्हणाला. तरी त्यालाही हसू आवरेना.

शुक्रीला आम्ही वेळेत दवाखान्यात आणलं. बाराच्या घंटेला मुलीचं रडणं ऐकू आलं.

फादर अंगणातल्या बैलांसमोर ओसरीवर बसले होते. "दवाखाना चालेल," ते म्हणाले. "कचेऱ्या वेगळ्या ठेवल्या तर पुढल्या वर्षी तुम्ही बारा बैल आणाल. एक कचेरी, एक मेज. आणि 'तुम्ही आधी' म्हणायला त्या खोलीत मनाई." एक जोडी गाडीच्या बदल्यात दाजींकडे गेली. एक गावाच्या नांगरटीला फिरू लागली, तिच्या मोबदल्यात चारा आला. तिसरी गाडीला.

संध्याकाळी आम्ही सगळ्या शुक्रीच्या खाटेभोवती जमलो. जैतूने मुलीला नाव मागितलं.

"तुम्ही ठेवा, मदर," सिस्टर कॉर्नेलिया म्हणाल्या.

"छे, पहिला मान एस्पेरान्सचा."

"मी कशी ठेवू, मी धाकटी."

शुक्रीने मुलीला पोटाशी घेतलं आणि कुशीवर वळली. "चिंगी," ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर ऱ्हायली तर लगनापरत बिननावाची ऱ्हाईल."