बाटलीतला अशोक

"ताई, अशोकाची रोपां झाली म्हनं तुजी? आपल्या शेलारच्या जागेत लावू ना," भावेश फोनवर म्हणाला आणि निशाच्या हातातला चिमटा थांबला.

धाकट्या भावानं तिच्या कामाबद्दल कधी विचारलं नव्हतं. गणेशपुरीच्या रस्त्यावरच्या टिश्यू कल्चर लॅबमध्ये ती कॉलेज सुटल्यापासून होती. घरचे म्हणत, बाटल्या धुते.

अशोक मात्र तिचा स्वतःचा हट्ट. शेलार गावात त्यांच्या जागेत विहिरीजवळ खरा अशोक होता. सोसायट्यांच्या दारात उभा असतो तो उंच, सरळसोट वेगळा. हा पसरलेला, खोडालाच केशरी फुलांचे झुबके येणारा. अंगावरून जास्त जाणाऱ्या बायकांना आक्का, म्हणजे निशाची आत्या, त्याच्याच सालीचा काढा द्यायची. झाड म्हातारं झालं, शेंगा धरेना, म्हणून निशानं त्याचे कोवळे डोळे कापून लॅबमध्ये आणले. कापलेल्या तोंडातून रस पाझरायचा, बाटलीतलं अन्न काळं पडायचं, डोळा मरायचा. त्यातून वाचला तर बुरशी. लॅबचे मालक अनिमेष सर म्हणाले, "सोडून दे. केळीची रोपं कर." तिनं केळीचीही केली आणि ती संपवून रोज अशोकाला बसली. असे कितीतरी पावसाळे गेले. शेवटी एका बाटलीत केसासारखं पांढरं मूळ दिसलं, तेव्हा कोणाला सांगावं कळेना म्हणून ती आक्काला फोन करून रडली.

तीच रोपं टेम्पोत घालून ती शेलारला गेली. कुंपणाशी भावेशनं खड्डे तयार ठेवले होते. कुठलेसे साहेबही आले होते. रोपांपाशी सगळ्यांचा फोटो निघाला.

"माजी बहीन शास्त्रज्ञ हाय," भावेश साहेबांना म्हणाला.

त्याच्या तोंडून असं काही ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात आक्काचा फोन आला. "निशे, झाड कापला गो."

ती पोचली तेव्हा ओंडके ट्रकमध्ये चढत होते.

"गोडाऊन येतंय ना, ताई," भावेश म्हणाला. "झाड बरोब्बर मधी येत व्हतं. साहेब पयले न्हायच म्हनत व्हते. तुजी रोपां बघितली, त्याच झाडाची, आन् झाड तोडायच्या कागदावर सही केली. तुज्यामुलंच काम झालं बघ."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दिली असतीस?"

आक्का ओट्यावर पाठ करून बसली होती. तिनं भाचीकडे वळूनही पाहिलं नाही.

पावसाळा सरल्यावर ट्रक वळायला जागा अपुरी पडू लागली. कुंपणाकडच्या रोपांवर मुरूम पडला, त्यावर रोलर फिरला. हे भावेशनं स्वतःच फोन करून सांगितलं. "वाईट नको वाटून घेऊ. तू बनव ना परत. तुज्याकडं तर बाटलीत व्हतात."

फेब्रुवारीत काल्हेरचा एक जमीनवाला, काळूराम, लॅबवर आला. हातात फुलांसकट अशोकाची ताजी फांदी.

"भावेशशेठनी पाठवलं. याची रोपां बनवून द्या, म्याडम. गोडाऊनची परमिशन आडकलीय."

"झाड अजून उभं आहे?"

"हाय सध्या. त्याच्यापायीच तर आडकलीय."

निशानं फांदी हातात घेतली. पानांच्या बेचक्यांत डोळे टपोरे, निरोगी होते. शेलारच्या झाडावर असे तिला कधी मिळाले नव्हते.

"हे झाड बाटलीत होत नाही," ती म्हणाली.

"पन भावेशशेठचं झालं ना?"

"नाही झालं."

काळूरामनं तिच्या हातातून फांदी परत घेतली. मग ती स्कूटरच्या पुढ्यात आडवी ठेवून निघून गेला. निशा हात धुवायला आत गेली.