गल्लीतला एक किलोमीटर

गाडी जागेवर उभी होती आणि काटा चाळीसवर थरथरत होता.

"पोचलीस का गं कुठे?" खिडकीतून बाईंनी विचारलं.

"चाळीसच्या स्पीडने अंगणातच आहे," ताई म्हणाली आणि तिने इंजिन बंद केलं. काटा शहाण्या मुलासारखा शून्यावर आला.

बाई म्हणजे ताईची आई. तीस वर्षं शाळेत मुलांना कवायत शिकवली, त्यामुळे घरचेदारचे सगळेच त्यांना बाई म्हणत. सात वर्षांपूर्वी झटका आला. डावी बाजू गेली, जीभ तेवढी बचावली, आणि ती मूळचीच तिखट. ताई घरात बसून शिवणयंत्रं दुरुस्त करायची. एकदा, फक्त एकदाच, ती दहा मिनिटांसाठी कोपऱ्यावर औषध आणायला गेली होती. परत येऊन बघते तर बाई जमिनीवर पडलेल्या, कपाळ फुटलेलं. तेव्हापासून घरात दुसरं कुणी असल्याशिवाय तिने गल्ली ओलांडली नव्हती. धाकटा भाऊ रविवारी दोन तास येई. त्या दोन तासांत बाजार, एटीएम, डॉक्टर आणि उरलंच तर स्वतःचं आयुष्य उरकून घ्यायचं.

अशा ताईने पाच वर्षांपूर्वी सुट्या भागांची खोकी मागवून घरीच गाडी जोडायला घेतली. दोन माणसांची, बुटकी, बिनछपराची. "चणे आहेत, पण दात कुठे आहेत?" भावजय म्हणाली होती. बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. ती रोज दुपारी बाईंचा डोळा लागला की एक बोल्ट पिळायची. असे बोल्ट पिळून पिळून गाडी उभी राहिली.

आज तीन वाजता पासिंगचा इन्स्पेक्टर येणार होता. घरी बांधलेल्या गाड्या बघायला तो वर्षातून एकदाच या भागात फिरकायचा. अडीचला भाऊ येऊन बाईंजवळ बसणार, इन्स्पेक्टर शेजारच्या सीटवर बसणार आणि ताई गाडी हायवेला काढणार, असं ठरलं होतं. गाडी पास व्हायला हवी होतीच. पण त्याहून जास्त तिला ती पहिली फेरी हवी होती. स्वतःच्या हातांनी, चौथ्या गिअरमध्ये. पाच वर्षं ती रोज झोपताना मनातल्या मनात तेवढंच चालवत होती.

आणि नेमका आज काटा वेड्यासारखा वागत होता.

ती गाडीखाली शिरली. मागचा दांडा फिरला की त्यावरचे चार बोल्ट सेन्सरसमोरून जातात. सेन्सर ते मोजतो आणि मीटरला कळवतो. बोल्ट आणि सेन्सर यांच्यात नखाएवढी फट होती, हवी तेवढीच. वायर तुटलेली नव्हती. मग तिने बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. दिसायला नीटनेटकं म्हणून तिनेच सगळ्या वायरी एकत्र करून घट्ट बांधल्या होत्या. प्लगची जाड वायर आणि सेन्सरची बारीक वायर गळ्यात गळे घालून बसल्या होत्या. प्लगने ठिणगी टाकली की बारीक वायरीला झटका बसायचा आणि मीटरला वाटायचं, चाकं फिरताहेत.

"काय झालं?"

"टापटीप नडली. फार घट्ट बांधलं मी."

"माझ्या वेण्याही तशाच घालायचीस. डोकं दुखायचं."

ताईने पट्ट्या कापल्या, बारीक वायर दुसऱ्या अंगाने नेली. इंजिन सुरू केलं. काटा शून्यावर गप्प.

पण मीटरला अजून किलोमीटर शिकवायचा होता. बटण दाबायचं, मोजून एक किलोमीटर जायचं, पुन्हा बटण दाबायचं. आता किलोमीटर आणायचा कुठून? गल्ली एका टोकाला बंद, आणि दुसऱ्या टोकापलीकडे बाईंची हाक ऐकू येत नाही. ताईने टेप लावून शंभर मीटर मोजले आणि दोन्हीकडे खडूने रेघा मारल्या. पाच वेळा पुढे, पाच वेळा रिव्हर्स. बाई खिडकीतून मोठ्याने आकडे मोजत होत्या.

"मागे येताना वजा नाही का होत?"

"नाही. त्याला पुढे-मागे कळत नाही. बोल्ट गेला की मोजायचा."

"बरं आहे बिचाऱ्याचं," बाई म्हणाल्या. "दहा!"

तीनला इन्स्पेक्टर आला, एकटा, स्कूटरवरून. शहरातली निम्मी माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली. हा नेमका त्यांतला निघाला नाही. त्याने दिवे बघितले, ब्रेक बघितले, वाकून वेल्डिंग बघितलं आणि म्हणाला, "काम उत्तम आहे. चला, साठला काटा बघून घेऊ."

भावाचा पत्ता नव्हता. ताईने फोन लावला.

"ताई, अगं अडकलोय ऑफिसात. उद्या बोलाव ना त्यांना."

"अरे, ते उद्या नसतात."

"मग मी काय करू सांग." त्याचा आवाज खरोखरच अडकल्यासारखा होता. ताईला रागही धड येईना.

समोरच्या घराला कुलूप, शेजारचेही कामावर. बाई म्हणाल्या, "जा गं तू. मी काही पळून जात नाही."

"मागच्या वेळीही हेच म्हणाली होतीस."

बाईंचा हात कपाळाकडे गेला.

"रस्त्यावर बघितल्याशिवाय मला सही करता येत नाही हो," इन्स्पेक्टर अवघडून म्हणाला. "पुढच्या वर्षी ठेवू या का?"

ताईने किल्ली पुढे केली. "तुम्ही चालवा."

"मी?"

"काटा तुम्हालाच बघायचाय ना. दुसरा गिअर जरा आखडतो, घाई करू नका."

"पण एवढी खपून बांधलीत, आणि पहिल्यांदा..."

"क्लच हलका आहे," ताई म्हणाली. तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

गाडी खडूची रेघ ओलांडून गेली. चालती गाडी पाठीमागून ताईने आज पहिल्यांदाच पाहिली. कोपऱ्यावर लाल दिवा लागला, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. मग नुसता आवाज उरला. दुसरा गिअर. तिसरा. मग जरा थांबून चौथा. तो या गल्लीत कधी पडलाच नव्हता.

"ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं.

"येतंय."

"मला नाही येत आता."

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "आता मलाही नाही."

वीस मिनिटांनी तो परतला. केस उडालेले, चेहरा तांबूस. दहा वर्षांनी लहान दिसत होता. "साठला साठ! तसूभर फरक नाही. किलोमीटर मोजलात कुठे?"

"इथेच."

त्याने गल्लीचं बंद टोक बघितलं, खडूच्या रेघा बघितल्या. बॉनेटवरच कागद ठेवून सही केली. गाडी कशी पळते ते सांगायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "रस्ता मोकळा होता," एवढंच म्हणाला, माफी मागितल्यासारखं, आणि स्कूटर घेऊन गेला.

ताई फडकं घेऊन गाडीपाशी आली. पुढच्या काचेवर तीन बारीक किडे चिरडून चिकटले होते आणि एक पिवळा ओघळ वर ओढला गेला होता. ही काच तिने पाच वर्षं पुसली होती, पण तिच्यावर किडा कधी सापडला नव्हता.

"पुसून घे गं लगेच," खिडकीतून बाई म्हणाल्या. "वाळले की निघत नाहीत."

"राहू दे," ताई म्हणाली आणि फडक्याची घडी घालू लागली.