साडेसहा गुण

आमच्या घरात कुठलीही सहल चिठ्ठ्यांशिवाय होत नाही. पाळण्यातून उतरलं किंवा खेळ बघून बाहेर आलं, की कोणी काही बोलायच्या आत प्रत्येकाने चिठ्ठीवर दहापैकी गुण लिहायचे, घडी घालायची आणि डब्यात टाकायची. मगच तोंड उघडायचं. हा नियम माझा. मी वजनमापांच्या प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतली, दवाखान्यांतली, कारखान्यांतली वजनं आमच्याकडे तपासायला येतात. तिथे एकच वजन दोघांनी वेगवेगळं तोलायचं आणि एकमेकांच्या वहीत डोकवायचं नाही, अशी शिस्त आहे. शेजारच्याचा आकडा दिसला की आपला आकडा त्याच्याकडे सरकतो. मुद्दाम कोणी करत नाही, तरी सरकतो.

या वेळी पार्कमध्ये आम्ही चौघं गेलो होतो. मी, माझा नवरा, आमची तेरा वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची मोठी बहीण. मुलीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणी ती घरातली कुठलीही वस्तू उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची. नवरा पोहण्याचा प्रशिक्षक आहे. त्याचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठाला पोचतो आणि घरातही तो तेवढाच ठेवतो. ताई शाळेचे गणवेश शिवतात.

ही आमची एकत्र शेवटची सहल होती. सुट्टी संपली की नवरा दुसऱ्या गावी जाणार होता, तिथल्या मोठ्या तलावावर, आणि आम्ही दोघं यापुढे वेगळे राहणार होतो. हे मुंगीला महिन्यापूर्वी सांगून झालं होतं. तिने "बरं" म्हटलं आणि मांजराची ताटली धुवायला गेली. एकच गोष्ट ठरायची होती, ती कोणाकडे राहणार. त्याला ती हवी होती. मलाही हवी होती. भांडून आवाज बसल्यावर तोडगा मी काढला: सहलीच्या दुसऱ्या दिवशी, परत निघण्याआधी, तिला एक कोरी चिठ्ठी द्यायची. तोंडाने सांगायला नको, कोणाच्या डोळ्यांत बघायला नको. 'आई' किंवा 'बाबा', एक शब्द लिहायचा आणि डब्यात टाकायचा.

"चालेल," तो म्हणाला होता. "तुझ्या पद्धतीने का होईना, एकदाचं कळेल."

खरं सांगायचं तर त्या चिठ्ठीवर काय येणार याची मला खात्री होती. म्हणूनच तोडगा इतका निष्पक्ष सुचला असेल.

पहिल्या दिवशी सकाळी रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. ताई रांगेत होत्या, पण बसणार नव्हत्या.

"मग उभ्या कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या चपला कोण सांभाळणार? शिवाय मला इथूनच गरगरतंय, तेवढे पैसे वसूल." त्यांनी पुढच्या माणसाच्या सदऱ्याकडे बोट केलं. "खांदा बघ कुठे उतरलाय याचा. दोन भावांत एक घेतला असणार. माझ्याकडे येतात असे, म्हणतात, मधल्या मापाचा शिवा, दोघांना होईल. मी सांगते, दोघांना होईल, पण बसणार एकालाही नाही."

"आत्या, हळू बोल ना, ऐकतोय तो," मुंगी म्हणाली.

"ऐकू दे. फुकट सल्ला आहे."

चिठ्ठ्यांचा डबा मुंगीकडे होता. एकेकाळी त्यात बटणं असायची. उतरल्यावर मी तीन लिहिले. नवऱ्याने न बघताच काहीतरी गिरवलं आणि घडी घातली. ताईंनी न बसता दहा दिले. त्या सगळ्यालाच दहा देतात, म्हणून त्यांचे गुण आम्ही हिशोबात धरत नाही. मुंगीने सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, पाठ फिरवून स्वतःची लिहिली आणि डबा बंद केला.

त्या दिवशी आम्ही अकरा गोष्टी केल्या. झुलतं जहाज, पाण्याची घसरगुंडी, भूतबंगला. भूतबंगल्यात ताईंनी एका सांगाड्याला "बाजूला हो रे" म्हटलं आणि तो खरंच बाजूला झाला. आत माणूस होता. पक्ष्यांचा खेळ मला सर्वांत आवडला. एक पोपट पाच रंगांच्या कड्या योग्य खुंट्यांवर लावत होता आणि सहावी, रंग नसलेली कडी चोचीत दिली की मालकाकडे बघत होता. उंच फळीवरून सूर मारणाऱ्यांच्या खेळात नवरा सबंध वेळ शेरे मारत होता. "पाय बघ, पाय! गुडघे वाकलेत. माझ्या पोरांनी असं केलं असतं तर..."

"तुझी पोरं एवढ्या वरून घाबरून खाली आली असती, जिन्याने," ताई म्हणाल्या.

मुंगी हसली. ती दिवसभर हसत होती. पाण्याच्या घसरगुंडीनंतर त्याच्या बाजूला बसून ओरडून बोलली, पक्ष्यांच्या खेळात माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. शहाण्या मुलीसारखी. मला ते बरं वाटलं. तिथेच मला शंका यायला हवी होती.

संध्याकाळी हॉटेलवर ताई तिला घेऊन खाली बागेत गेल्या. नवरा अंघोळीला गेला. मी पलंगावर चिठ्ठ्या पसरून तक्ता भरायला बसले. ही वही जुनी आहे, प्रत्येक सहलीची दोन पानं. माझा रकाना, त्याचा रकाना, मुंगीचा रकाना.

रोलर कोस्टर: मी तीन, तो दहा, मुंगी साडेसहा.

पेन्सिल थांबली. तेरा वर्षांची मुलगी रोलर कोस्टरवरून उतरते, आणि साडेसहा देते?

पक्ष्यांचा खेळ: मी नऊ, तो सहा, ती साडेसात. झुलतं जहाज: चार, सात, साडेपाच. घसरगुंडी: पाच, नऊ, सात. भूतबंगला: दोन, चार, तीन. मी उरलेल्या सहा ओळी भराभर तपासल्या. अकराच्या अकरा. प्रत्येक वेळी तिचा आकडा आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये, पावानेही इकडे-तिकडे नाही. प्रयोगशाळेत आकडे इतके चोख आले की आम्ही वजनावर खूश होत नाही, माणसाला बोलावून घेतो.

मागचं पान उलटलं. दोन वर्षांपूर्वीची जत्रा. मुंगीचा रकाना: दहा, शून्य, दहा, एक, दहा. शून्यापुढे कंसात 'होडीत पाणी होतं आणि वास'.

मी त्या पलंगावर बसून राहिले. नियम माझाच होता आणि भोकही मीच ठेवलं होतं. डबा ज्याच्या हातात, तो शेवटी लिहितो. दोन माणसांनी एकमेकांच्या वहीत डोकवू नये म्हणून मी इतकी काळजी घेतली, आणि दोन्ही वह्या तिसऱ्याच्या हातात देऊन ठेवल्या. पाठ फिरवून ती दिवसभर, अकरा वेळा, आमच्या घड्या उघडत होती आणि गणित करत होती.

नवरा डोकं पुसत बाहेर आला. मी वही त्याच्यासमोर धरली. आधी तो हसला.

"बघ, चोर! डोकं बाकी तुझं घेतलंय हिने."

मग त्याने पुन्हा वरून खालपर्यंत बोट फिरवलं. टॉवेल खांद्यावरून खाली पडला, त्याने उचलला नाही.

"रोलर कोस्टरवर ती माझ्या शेजारी होती," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खोलीपुरता होता. "मला वाटलं, दहा देणार. केवढी किंचाळत होती."

"मग उद्याच्या चिठ्ठीवर ती काय लिहिणार होती?" मी विचारलं.

त्याने वही मिटून पलंगावर ठेवली. 'आई' आणि 'बाबा' यांची सरासरी निघत नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून एक चूक केली. माझा स्वभाव आहे तो, बिघाड सापडला की पद्धत दुरुस्त करायची. जायंट व्हीलमधून उतरल्यावर मी डबा स्वतःकडे घेतला आणि म्हटलं, "आज क्रम उलटा. मुंगी आधी लिहिणार."

"मी का?"

"बदल म्हणून."

तिने पेन्सिल घेतली. कागदावर टेकवली. माझ्याकडे बघितलं, बाबाकडे बघितलं. तो आकाशाकडे बघत होता, आणि तेही इतकं मुद्दाम की तिच्या लक्षात आलं.

"तुला किती आवडलं?" तिने मला विचारलं.

"आधी बोलायचं नाही ना?"

"मला नाही माहीत मग."

"असं कसं माहीत नाही? तू बसली होतीस की."

"परीक्षा आहे का ही?" तिचा चेहरा लाल झाला. "नाही माहीत म्हटलं ना! तुम्हाला हवं ते लिहा माझ्या नावावर."

पेन्सिल डब्यात आपटून ती पुढे निघून गेली. ताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना आदल्या संध्याकाळचं काही सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या नजरेला माप घ्यायला टेप लागत नाही.

"तुम्ही दोघं इथे थांबा," त्या म्हणाल्या. "ए मुंगे! चल, मला डॅशिंग कारमध्ये बसव. आणि हे बघ, कोणी मला धडकलं तर मी पोलिसात जाईन."

डॅशिंग कारच्या कठड्याशी आम्ही दोघं उभे राहिलो. वर जाळीतून ठिणग्या उडत होत्या, रबर आणि जळक्या विजेचा वास येत होता. भोंगा वाजला. पहिलं मिनिटभर मुंगी कडेकडेने, कोणाला न लागता, व्यवस्थित गाडी चालवत होती. मग ताईंनी मागून येऊन तिला अशी ठोकर दिली की तिची मान हलली.

"आत्या!"

"सॉरी हं, ब्रेक कुठाय ते सापडेना!"

मुंगीने चाक गरगर फिरवलं. गाडी वळता वळेना. वळली तेव्हा ती थेट ताईंच्या गाडीच्या पोटात गेली.

"मी तिला विचारणार नाही," मी म्हटलं.

"मीही नाही." तो कठड्यावर कोपरं टेकून बघत होता. "पण मग ठरवायचं कोणी?"

"आपण."

"आपल्याला जमलं असतं तर ही चिठ्ठीची वेळ आली असती का?"

"तेच तर. आपल्याला जमेना म्हणून आपण ते तिच्या अंगावर टाकलं."

समोर मुंगी एका टकल्या गृहस्थाला आडवी धडकली आणि पुढे निघाली. त्याने मूठ दाखवली, तिने जीभ.

आम्ही भांडलो. हळू आवाजात, पुढे बघत. तो म्हणाला, तिकडचा तलाव, तिकडची शाळा. मी म्हटलं, पहाटे चारला तू तलावावर असतोस, तिला उठवणार कोण. तो म्हणाला, आणि तू संध्याकाळी सातपर्यंत प्रयोगशाळेत. ते खरं होतं. मी म्हटलं, सहापर्यंत करीन. "लिहून दे," तो म्हणाला, आणि आम्हाला दोघांना नको त्या वेळी हसू आलं.

मुंगीची गाडी समोरून एकदा फिरून गेली.

"तिच्या दोन मैत्रिणी आहेत. आणि ते मांजर," तो शेवटी म्हणाला. "तुझ्याकडे राहू दे. दहावी होईपर्यंत."

मला हवं तेच मिळालं होतं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्याचा हात कठड्यावर होता, बोटांची पेरं पांढरी झालेली.

"एकाआड एक शनिवार-रविवार तुझे," मी म्हटलं. "आणि पूर्ण उन्हाळा. मी मध्ये फोन करून ती जेवली का, असं विचारणार नाही."

"विचारशील."

"एकदाच विचारीन."

भोंगा वाजला. मुंगी बाहेर आली तेव्हा वेणी सुटलेली होती आणि कोपराला खरचटलं होतं. मागून ताई कंबर धरून येत होत्या. सवयीने मुंगीने हात पुढे केला.

"तुमच्या चिठ्ठ्या?"

"आम्ही बसलोच नाही," बाबा म्हणाला. "ऐक. तुझं आम्ही ठरवलंय. तू आईकडे, त्याच शाळेत. एकाआड एक शनिवारी मी न्यायला येणार, उन्हाळा माझ्याकडे. नाही जमलं तर आम्ही दोघं परत बसून बदलू. ते आमचं काम."

ती आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली.

"मला नाही विचारणार?"

"नाही," मी म्हटलं. "तुला काही बोलायचं असेल तर ऐकू. भांडलीस तरी ऐकू. पण ठरवणार आम्ही."

"अर्धंअर्धं करून ठरवलंत?"

"छे," बाबा म्हणाला. "चांगलं भांडून."

"आवाज नाही आला."

"तू ठोकत होतीस सगळ्यांना."

"बरं," ती म्हणाली. महिन्यापूर्वीही तिने हाच शब्द वापरला होता. पण या वेळी ती कुठे निघून गेली नाही. बाकावर बसली, खरचटलेलं कोपर बाबापुढे धरलं आणि म्हणाली, "फुंकर घाल. झोंबतंय." त्याने घातली. मग तिने माझ्याकडून डबा घेतला, गुडघ्यावर चिठ्ठी ठेवून काहीतरी लिहिलं आणि घडी न घालताच माझ्या हातात दिली.

'तीन. गाडी वळत नाही. पण परत बसायचंय.'

"तीन?" ताई ओरडल्या. "माझी कंबर गेली, आणि तीन?"

"तू देऊन टाक दहा."

"दिलेच आहेत."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी होती. बाबा आणि ताई पुढच्या बाकावर झोपले होते, ताईंचं डोकं भावाच्या खांद्यावर. अर्ध्या वाटेत मुंगी म्हणाली, "आई, वही दे ना. आणि खोडरबर."

"वही घे. खोडरबर नाही."

"कालचे माझे परत लिहायचेत."

"आमच्याकडे आकडा खोडत नाहीत," मी म्हटलं. "त्यावर एक सरळ रेघ मारायची, आधीचा वाचता आला पाहिजे अशी. आणि शेजारी नवा लिहायचा."

"चुकीचा आहे तरी?"

"चुकीचा असला तरी. तो तेव्हा कोणीतरी लिहिलेला असतो."

तिने वही मांडीवर घेतली. पहिली रेघ ओढल्याचा आवाज मी ऐकला. मग पेन्सिल थांबली, बराच वेळ. ती विचार करत होती, की परत रोलर कोस्टरच्या त्या पहिल्या उतारावर पोचली होती, कोण जाणे. माझी मान वहीकडे वळायला लागली.

मी ती खिडकीकडे नेली. बाहेर दिव्यांचे खांब एकामागून एक मागे जात होते. मी ते मोजत बसले. दुसरी रेघ आली, मग तिसरी, आणि मग एकदा ती स्वतःशीच खुदकन हसली.