आणखी एक दगड

मित्रांनो, मी एक जुना, पोचे पडलेला स्टीलचा डबा आहे. झाकणाला दोन कड्या आहेत, त्यातली एक आता लागत नाही. मला बघून तुम्ही नाक मुरडाल, हे मी धरूनच चाललो आहे. पण जरा बसा. माझी गोष्ट ज्यांना ऐकवायची होती ते आता नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते रत्नागिरीच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान आणि मला उलटासुलटा करून बघणारे हरिहरपंत. "गळणार नाही ना?" असं त्यांनी इतक्यांदा विचारलं की दुकानदार वैतागला. हरिहरपंतांना सगळे अण्णा म्हणत. ते जवळच्या पावस गावी राहत आणि एसटीने रत्नागिरीला कचेरीत कारकुनीला जात. रोज सकाळी त्यांच्या पत्नी, म्हणजे आजी, माझ्यात पोळी-भाजी भरायच्या. फणसाची भाजी असली की एसटीत शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघायचा. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

मग अण्णा निवृत्त झाले. काही वर्षांनी आजी गेल्या. मला कुणीतरी माळ्यावर टाकलं आणि फुटक्या कंदिलाच्या शेजारी मी धूळ खात पडलो. खाली अण्णा तसेच एकटे. त्यांचा मुलगा मुकुल रत्नागिरीत बँकेत होता. तो, त्याची बायको नम्रता आणि मुलगी भार्गवी रविवारी पावसला यायची. आली की तिघं तीन कोपऱ्यांत तीन फोन घेऊन बसायची. अण्णा मध्ये ओटीवर बसून कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघायचे.

एका रविवारी नम्रतानेच विषय काढला. "अण्णा, मी एका खेळाबद्दल वाचलं. परदेशात लोक सहकुटुंब खेळतात. लेटरबॉक्सिंग म्हणतात त्याला."

"म्हणजे पोस्टाची पेटी?"

"नाही हो. एक डबा घ्यायचा. त्यात एक शिक्का, शाईची गादी आणि एक वही ठेवायची. डबा बाहेर मोकळ्यावर कुठेतरी लपवायचा आणि तिथवर पोचायच्या खुणा लिहून लोकांना द्यायच्या. ज्याला सापडेल त्याने आपला शिक्का त्या वहीत उठवायचा, डब्यातला शिक्का स्वतःच्या वहीत उठवून घ्यायचा आणि डबा होता तिथे ठेवून गुपचूप निघून जायचं."

"आणि यात मिळतं काय?" मुकुलने फोनमधून डोकं वर न काढता विचारलं.

"चालणं मिळतं," अण्णा म्हणाले आणि शिडी आणायला उठले. अशा रीतीने मी माळ्यावरून खाली आलो.

अण्णांनी जुन्या चपलेच्या टाचेचं रबर कापून त्यावर टिटवी कोरली. "टिटवी सड्यावर उघड्या दगडांत अंडी घालते आणि तरी ती कुणाला दिसत नाहीत," ते म्हणाले. "आपला डबाही तसाच राहायला हवा." भार्गवीच्या मते ती टिटवी नसून बदक होतं. तिने स्वतः खोडरबरावर कैरी कोरली, नम्रताने शिंपला कोरला. मुकुल म्हणाला, "माझा अंगठाच घ्या." माझ्यातल्या वहीच्या पहिल्या पानावर टिटवी, कैरी, शिंपला आणि एक जाडजूड अंगठा असे चौघे शेजारी बसले.

अण्णांची आंब्याची बाग जिथे संपते तिथे सडा सुरू होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. मधे गडगा आहे, नुसते दगडावर दगड रचून केलेली बागेची भिंत. तिथल्या कुंभ्याच्या झाडाखाली गडगा थोडा खचला होता आणि आत पोकळी होती. अण्णांनी एकट्यानेच जाऊन मला त्या पोकळीत ठेवलं, वर बारीक दगड पसरले आणि खुणा लिहिल्या: 'बागेच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडा. समुद्राकडे पाठ करा. गडग्याच्या कडेने कुंभ्यापर्यंत चाला. जिथे गडगा मान खाली घालतो तिथे तुम्हीही घाला.' नम्रताने त्या फोनवरून सगळीकडे पाठवल्या.

जागा मात्र कुणाला सांगायची नाही, हा खेळाचा नियम. अण्णा जन्मभर कचेरीत राहिलेले; नियम म्हणजे नियम. त्यांनी भागोजीलाही सांगितलं नाही. भागोजी तरुणपणापासून बागेत कामाला होता आणि अण्णांच्या पानाच्या डब्यातलं अर्धं पान त्याचं असायचं. त्यानेही कधी विचारलं नाही. अण्णा गडग्यापाशी वाकलेले दिसले की तो तोंड फिरवायचा. म्हाताऱ्या माणसाला आडोसा लागतो, अशी त्याची समजूत होती.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. पावसला दर्शनाला आलेलं एक कुटुंब मला शोधून गेलं. कॉलेजच्या दोन मुली आल्या, त्यांनी खेकड्याचा शिक्का उठवला. अण्णा रोज संध्याकाळी येऊन मला उघडायचे आणि नवा शिक्का दिसला की एकटेच हसायचे. रविवारी तर चौघं मिळून सड्यावर चालायची आणि दुसरे डबे लपवायला जागा शोधायची. फोन ओटीवर पडून राहायचे.

पावसाळ्याआधी अण्णांनी मला जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं. "पावसात इथे कोण येतोय? दिवाळीत भेटू," असं म्हणून त्यांनी माझ्यावर हात फिरवला.

दरवर्षी गडग्याची डागडुजी दिवाळीनंतर व्हायची. त्या वर्षी मात्र खचलेल्या जागेतून गुरं बागेत शिरू लागली, म्हणून भागोजीने कुणी न सांगताच काम आधी उरकलं. त्याचं काम चोख. पडलेले जुनेच दगड गोळा करून त्याने पोकळीचं तोंड बुजवलं आणि गडगा बाकीच्या उंचीला आणला. जुने दगड, जुनंच शेवाळ, त्यामुळे नवं काम कुठलं ते ओळखू येईना. मग तो भात कापायला आपल्या गावी निघून गेला. मी आत अंधारात राहिलो.

दिवाळीच्या सुट्टीत चौघं आली. पावलांवरूनच मी त्यांना ओळखलं.

"इथेच," अण्णा म्हणाले.

"अण्णा, इथे गडगा खचलेला नाहीच," मुकुल म्हणाला. "सरळ आहे सगळा, आणि डागडुजी तर दिवाळीनंतर होते."

"कुंभा हाच. मी रोज येत होतो इथे."

मुकुलने एक दगड काढला. मग दुसरा काढला. मित्रांनो, माझ्या आणि त्याच्या बोटांच्या मध्ये आता एकच दगड उरला होता. मी ओरडलो असतो, पण डब्याला कुठला गळा!

"आत नुसता दगडच आहे," मुकुल म्हणाला.

"आणखी एक काढून बघ."

"किती गडगा पाडायचा, अण्णा? पावसाआधी तुम्ही डबा घरी आणला असणार आणि विसरला असणार. परवा चष्मा नाही का तांदळाच्या डब्यात सापडला? आणि गॅसही चालूच राहिला होता."

तो रागावून बोलला नाही. फार मायेने बोलला. म्हणूनच ते अण्णांना लागलं असावं. चष्म्याचं खरं होतं, गॅसचंही खरं होतं.

"आजोबा, जाऊ दे," भार्गवी म्हणाली. "आपण दुसरा डबा घेऊ."

मुकुलने दोन्ही दगड होते तसे बसवले. सगळी घरी गेली आणि त्यांनी घर धुंडाळलं. मी तिथे असणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी अण्णा एकटे आले. त्यांचा हात गडग्यावरून फिरताना मला ऐकू येत होता. दगड उपसण्याचं बळ त्या हातात राहिलं नव्हतं. माझ्या अगदी समोर तो थांबला. मग ते हळूच म्हणाले, "असेल. मीच विसरलो असेन."

पुन्हा ते कधी आले नाहीत. पुढचं सगळं मला नंतर घरात कळलं. मुकुलने त्यांना काळजीपोटी रत्नागिरीच्या फ्लॅटवर नेलं. तिथे त्यांनी आपल्या किल्ल्या सुनेच्या हातात दिल्या. "मी जेवलो का गो?" असं ते भार्गवीला विचारायचे, आणि विचारताना त्यांना आठवत असायचं की आपण जेवलो आहोत. गोष्ट सांगता सांगता थांबायचे आणि म्हणायचे, "पुढचं मला नीट आठवत नसेल, राहू दे." एका डब्यापायी त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वासच उडाला होता. पुढच्या श्रावणात ते गेले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आंब्याच्या पेट्या न्यायला टेंपो थेट बागेत यावा म्हणून मुकुलने कुंभ्यापाशी गडगा फोडायला सांगितला. भागोजीने तिसरा दगड उचलला आणि माझ्यावर ऊन पडलं. प्लास्टिक सोडताच त्याने मला ओळखलं. हा डबा घेऊन एसटीला धावणारे अण्णा त्याने वर्षानुवर्षं पाहिले होते. तो मला छातीशी धरून घराकडे आला. ओटीवर तिघं बसली होती.

"मुकुलदादा, ह्यो आण्णांचा डबा. गडग्यात व्हता, कुंभ्याखाली."

मुकुल उठून उभा राहिला. "भागोजी, तिथे गडगा खचला होता?"

"व्हता ना. गुरां आत शिरत व्हती. मीच भरला तो, भात कापाय जायच्या आदी."

मग नम्रताने त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भागोजी पायरीवर खाली बसला. "मला येक शबूद बोलले असते," तो म्हणाला. "माज्यापासून काय लपवायचा व्हता त्यांना?" डोक्याचा टॉवेल त्याने डोळ्यांना लावला.

"आणखी एक काढ म्हणाले होते," मुकुल म्हणाला. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

भार्गवीने मला उघडलं. वही कोरडी होती, टिटवी जशीच्या तशी होती. शाईची गादी मात्र वाळून खडखडीत झाली होती. तिने त्यावर पाण्याचे थेंब टाकले. तिची कैरी केव्हाच हरवली होती, म्हणून तिने नुसतं बोट उठवलं. शेजारी मुकुलने अंगठा उठवला, भागोजीनेही उठवला. शाई फिकी आली. पान उन्हाकडे धरून भार्गवी म्हणाली, "आजोबा, तिथेच होता."

आता मी रत्नागिरीच्या फ्लॅटमध्ये खिडकीत असतो. मला पुन्हा सड्यावर ठेवायचं का, यावर रविवारी बोलणं निघतं आणि मध्येच थांबतं. मुकुल अजूनही मला हातात घेत नाही.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं काही मी सांगणार नाही. माझं काय, मी पत्रा. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधी म्हणालं, "इथेच होतं," तर हसू नका आणि मायेने समजूतही घालू नका. त्याच्या शेजारी वाका आणि आणखी एक दगड काढून बघा. आत काही निघालं नाही तरी चालेल. गडगा काय, पुन्हा रचता येतो.